नाशिकच्या वायनरी: दोन दिवस असतील तर एक घाटाकडे, एक निफाडकडे

तुमचा प्रश्न असा: फेब्रुवारीअखेर पुण्याहून येतोय, दोन दिवस आहेत, सोबत वाईन न घेणारे आई-वडील, तर जास्तीत जास्त वायनरी कशा बघता येतील? माझं मत, दिवसाला दोनच बघा. पण चारही गंगापूर धरणाच्या आसपासच्या नकोत. बहुतेक लोक तिथूनच परततात आणि नाशिक बघितलं असं समजतात.

हा जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे फार झपाट्याने बदलतो. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून ८०-८५ किलोमीटरवर निफाडला जेमतेम ५००च्या आसपास. वेल तोच, पण शेतकऱ्याचं गणित वेगळं. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी (घडांसाठी) होते, म्हणजे घड कोरड्या थंडीत पिकतात. घाटाकडे, म्हणजे इगतपुरीला, पाऊस रेंगाळला की फळछाटणी लांबते आणि डाऊनी या रोगाची धास्ती राहते. निफाडला पाण्याची चिंता आणि कडाक्याची थंडी. तिथला पारा राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही दर हिवाळ्यात वाचता.

म्हणून पहिल्या दिवशी नाशिक शहरात शिरूच नका. सिन्नरहून डावीकडे घोटीचा रस्ता धरा. कावनईजवळ मुकणे धरणाच्या पाण्यासमोर व्हॅलोने आहे, त्याच इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपा. दोन्हीकडे आधी फोन करून वेळ ठरवा. आई-वडिलांना कावनईचं कपिलधारा तीर्थ नक्की आवडेल. मुक्काम गंगापूर धरणाच्या बाजूला करा. सुला, यॉर्क, सोमा तिथेच आहेत. सुलाची पहिली वाईन २००० साली आली आणि नाशिकला लोक वाईनसाठी येऊ लागले ते त्यानंतर, त्यामुळे ती जागा बघण्यासारखी आहेच. फक्त शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, गर्दीत कोणी नीट समजावून सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मिसळ खाऊन निफाड. कुंदेवाडीला रेव्हेलो आहे. नेरो द'आवोला, ग्रिलो या इटालियन जाती इथे लावल्यात, त्या आवर्जून चाखा. आणि इथे बागेत थोडा वेळ काढाच. आजूबाजूला खायच्या द्राक्षांचे मांडव आहेत: डोक्यावर पसरलेली पानं आणि खाली लोंबणारे टपोरे, बिनबियांचे घड. मणी फुगवायला जिब्रेलिक ॲसिड वापरतात. वाईनच्या बागेत वेल कुंपणासारखे उभे तारांवर चढवलेले, घड गुडघ्या-कमरेच्या उंचीला, मणी बारीक. एक तोंडात टाकून बघा (विचारून). गोडी भरपूर, पण साल जाड, चावल्यावर जीभ कोरडी पडते आणि बिया लागतात. रेड वाईनचा रंग आणि बराचसा तुरटपणा त्या सालीतूनच येतो. हे एकदा कळलं की पुढची टेस्टिंग वेगळीच लागते. फेब्रुवारीअखेर तोडणी चालू असते, जायला याहून चांगला काळ नाही. निफाडहून थेट सिन्नरला रस्ता आहे, म्हणजे परतताना नाशिकची वाहतूक टळते.

दिंडोरी यात बसत नाही. स्पार्कलिंगची, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनची, विशेष आवड असेल तर तिथल्या शाँदों वायनरीसाठी एक दिवस वाढवा, नाहीतर पुढच्या वेळी.

प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न जरूर विचारा: या बाटलीतली द्राक्षं कुठली? बऱ्याच वायनरी करारावर दुसऱ्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडूनही माल घेतात. त्यामुळे वायनरी धरणाकाठी असली तरी वाईन धरणाकाठची असेलच असं नाही. दोन्ही दिवशी एकच जात मागा, शनँ ब्लाँ किंवा शिराझ, आणि चवीतला फरक वहीत टिपून ठेवा.

गाडी चालवणारा एक घोटही घेणार नाही हे घरून ठरवून निघा, किंवा सरळ ड्रायव्हर करा. टेस्टिंगला थुंकायचं भांडं मागायला संकोच नको, जाणकार तेच करतात. ड्राय डे तपासा. बाटल्या शेवटच्या ठिकाणीच घ्या आणि डिकीत न ठेवता एसीत, सीटखाली आडव्या ठेवा. फेब्रुवारीच्या दुपारीही बंद गाडी इतकी तापते की चांगली व्हाईट वाईन पुण्याला पोचेपर्यंत खराब होऊ शकते.