खोकला नाही, म्हणून निश्चिंत राहू नका

प्रश्न : मला दमा नाही, साधा खोकलाही नाही. मग हवेच्या प्रदूषणाची मी काळजी का करावी?

हा प्रश्न मला दर वेळी अस्वस्थ करतो. प्रदूषण म्हणजे छातीचा आजार, ही समजूत फार खोल रुजली आहे. पण त्याचा मोठा घाव बसतो तो हृदयावर आणि मेंदूवर. याला मुख्यतः जबाबदार असतात हवेतले पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. आपला केस त्यांच्या साधारण वीस-तीस पट जाड असतो. मोठी धूळ नाकात, घशात अडकते. हे कण मात्र थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दाह होतो, रक्तदाब वाढतो, रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. हार्ट अटॅक किंवा पक्षाघातापर्यंतच्या या वाटेवर खोकला लागेलच असं नाही. शिवाय बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केलं आहे.

प्रश्न : मी रोज पहाटे मुख्य रस्त्याने धावतो. पहाटेची हवा तर शुद्ध असते ना?

थंडीच्या दिवसांत बहुतेक वेळा नसते. रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर, धूळ खालीच कोंडून राहते. ऊन चढलं की झाकण मोडतं, म्हणून हिवाळ्यात थोडं उशिरा निघा. कडक उन्हाळ्यात मात्र उलट : दुपारच्या उन्हात जमिनीलगत ओझोन तयार होतो, तेव्हा सकाळच बरी.

धावताना आपण एरवीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, तीही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी टाळून. म्हणून रस्ता बदला. वाहनांचा धूर मुख्य रस्त्यापासून दूर जाल तसा झपाट्याने विरळ होतो. एक-दोन गल्ल्या आत गेलात तरी फरक पडतो. धावणं मात्र सोडू नका. हवेचा निर्देशांक (एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे हे सांगणारा आकडा) फारच वाईट असेल त्या दिवशी घरात व्यायाम करा.

प्रश्न : कापडी मास्क चालेल का?

बारीक कणांसाठी जवळजवळ निरुपयोगी. एन ९५ वापरा, आणि तो गालांना घट्ट बसू द्या. कडेने हवा शिरत असेल तर मास्कचा दर्जा कितीही चांगला असो, उपयोग नाही.

प्रश्न : आईला दमा आहे. ती घराबाहेर फारशी पडत नाही, तरी स्वयंपाक करताना धाप लागते. घरातही प्रदूषण असतं?

असतं, आणि कधीकधी बाहेरच्याहून जास्त. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. त्याने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका चिडतात. तापलेल्या तेलाच्या धुरात बारीक कण असतात ते वेगळेच. गॅस पेटवण्याआधीच खिडकी उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. चिमणी असेल तर ती हवा बाहेर सोडते का, हे आवर्जून पाहा. काही चिमण्या हवा गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतात. त्यांनी वायू फारसे कमी होत नाहीत. तेलातून धूर येईपर्यंत ते तापवू नका. तळणं-परतणं घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, ही माझी कळकळीची विनंती.

डासांची कॉइल आणि घरातली सिगारेट आजच बंद करा. केर काढताना धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. कुंडीतल्या झाडांवर भिस्त ठेवू नका; हवा गाळण्याचं काम त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे.

आणि आईचा रोजचा प्रतिबंधक इनहेलर बरं वाटतंय म्हणून परस्पर थांबवू नका. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या इनहेलरने आराम पडत नसेल, तर लगेच रुग्णालय गाठा.