जुन्या ईसीयूत २७सी२५६ च्या जागी दुसरी चिप बसवताना किती वायरी लागतात?

तुमच्याकडे १९९० च्या सुमाराच्या गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) आहे, त्यात २८ पिनांची २७सी२५६ ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी चिप) आहे आणि हाताशी २८सी२५६ व डब्ल्यू२७सी५१२ अशा दोन चिपा आहेत. यांतली कुठली सरळ बसेल, हा प्रश्न. उत्तर: ५१२ सरळ बसते, वायर लागत नाही. २८सी२५६ ला दोन वायरी लागतात. नावात २५६ दिसलं की लोक तीच आधी खोचतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

घोळ पिन १ आणि २७ चा आहे. २७सी२५६ मध्ये १ म्हणजे प्रोग्रॅमिंगचं व्होल्टेज, जे ईसीयूच्या बोर्डवर बहुधा कायम ५ व्होल्टला जोडलेलं असतं. २७ म्हणजे ए१४ ही ॲड्रेस लाइन, चिपमधली कुठली जागा वाचायची ते सांगणाऱ्या लाइनींपैकी एक. २८सी२५६ मध्ये ए१४ आहे १ वर, आणि २७ वर आहे लिहिण्याचा सिग्नल. तशीच बसवली तर चिपच्या ए१४ ला कायम ५ व्होल्ट मिळतात, म्हणजे ईसीयूला फक्त वरचा अर्धा भाग वाचता येतो. त्याहून वाईट म्हणजे बोर्डची ए१४ लाइन खाली गेली की चिपला लिहिण्याचा इशारा मिळतो. त्या क्षणी चिप निवडलेली असेल आणि आउटपुट अजून चालू झालं नसेल, तर चिप आपल्याच डेटावर कचरा लिहून घेते. मग प्रोग्रॅमरमध्ये (चिपमध्ये फाइल भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या यंत्रात) बरोबर निघालेली चिप गाडीतून काढल्यावर चुकीची वाचते, आणि माणूस उगाच प्रोग्रॅमरला दोष देत बसतो.

वायरी चिपच्या पायांना लावू नका, ती परत प्रोग्रॅमरमध्ये बसायला हवी. मध्ये एक जादा सॉकेट घ्या, गोल पिनांचं. त्याच्या १ आणि २७ या पिना आडव्या वाकवा, म्हणजे त्या खालच्या सॉकेटात जाणार नाहीत. आता रेझिस्टरचा कापलेला पाय घेऊन खालच्या सॉकेटच्या २७ नंबरच्या भोकात रोवा आणि तिथून ३० गेजची बारीक वायर वरच्या सॉकेटच्या १ ला जोडा. दुसरी वायर वरच्या २७ पासून वरच्याच २८ ला, म्हणजे लिहिण्याची पिन कायम ५ व्होल्टवर राहील. खालचं १ नंबरचं भोक रिकामंच. झालं.

५१२ मध्ये मात्र ए१४ जागच्या जागी आहे, फक्त पिन १ वर ए१५ येते. बोर्डवर तिला ५ व्होल्ट मिळत असल्याने चिपचा वरचा अर्धा भागच वाचला जातो. म्हणून ३२ किलोबाइटची फाइल हेक्स ८००० पासून एफएफएफएफ पर्यंत भरा. शून्यापासून भरली आणि वरचं रिकामं राहिलं तर ईसीयूला सगळीकडे एफएफ, म्हणजे रिकामी जागा, दिसतं आणि गाडी सुरूच होत नाही. मी फाइल दोन्ही अर्ध्यांत भरायला सांगतो, म्हणजे प्रश्नच मिटतो. पण आधी मल्टिमीटरने सॉकेटची पिन १ आणि २८ यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे थेट जोड आहे का ते, बघाच. बीप आला नाही तर १ कुठे जाते ते शोधा. काही बोर्डांवर ती जंपरमार्फत प्रोसेसरकडे जाते, कारण तोच बोर्ड मोठ्या चिपसाठीही बनवलेला असतो.

एटी२९सी२५६ मिळाली तर तीही वायरीशिवाय चालते. तिची लिहिण्याची पिन १ वर आहे आणि तिला बोर्डचेच ५ व्होल्ट मिळतात.

मूळ चिप काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावा. चिप थेट बोर्डला डाग दिलेली असेल तर सगळा वेळ १४ आणि २८ या पिना खातात, कारण त्यांना तांब्याचा मोठा पट्टा जोडलेला असतो आणि तो उष्णता ओढून घेतो. तिथे आधी नवं सोल्डर घाला, मगच पंपाने ओढा. चिप उपटायची घाई केली तर भोकातलं तांबं निघून येतं. बोर्डवर वार्निशसारखा थर असेल तर तो आधी खरवडा. पाय नीट सुटला की चिमट्याने हलवल्यावर भोकात टिचटिच हलतो. सगळे २८ असे हलेपर्यंत चिप उचलू नका. मूळ चिप तीनदा वाचा, तिन्ही फायली एकसारख्या आल्या तरच पुढे जा, आणि तिच्या काचेच्या खिडकीवरचं लेबल काढू नका.

चिपच्या टोकाची खाच उलट्या बाजूला आली तर १४ ला ५ व्होल्ट आणि २८ ला ग्राउंड मिळतो, चिप काही सेकंदांत बोट ठेववणार नाही इतकी तापते. बसवल्यावर दोनदा बघा.

चिपचा वाचायला लागणारा वेळ १५० नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी घ्या. तापमानाची मर्यादाही बघा: साध्या चिपा ० ते ७० अंशांच्या असतात. डॅशबोर्डखालच्या ईसीयूत त्या बहुतेकदा निभावतात, पण बॉनेटखालच्या ईसीयूला उणे ४० ते ८५ वालीच हवी.

दोन मॅप (इंजिनच्या सेटिंगच्या दोन फायली) हवे असतील तर ५१२ चा पाय १ बाहेर वाकवा, १० किलोओहमच्या रेझिस्टरने २८ ला जोडा आणि स्विचने १४ ला ग्राउंड करा. स्विच चालू इंजिनवर फिरवू नका. प्रोसेसर त्या घडीला चिपमधून आज्ञा वाचत असतो. आणि फाइल बदलली तर चेकसमही (फाइल बरोबर आहे का ते तपासणारी बेरीज) दुरुस्त करा, नाहीतर अनेक ईसीयू चेक इंजिनचा दिवा लावतात.

थंड असताना चालते आणि गरम झाल्यावर बंद पडते, अशी तक्रार आली तर फाइल तपासण्याआधी सॉकेटचे सोल्डरचे डाग बघा. पत्र्याच्या पाकळ्यांचं सॉकेट किंवा खटका असलेलं सॉकेट गाडीच्या हादऱ्यात सैल पडतं, म्हणून गोल पिनांचंच कायम ठेवा.