गणितं सोडवताना मेंदूच्या लहरी जुळतात का, ते घरी मोजता येतं का?

तुम्ही विचारलंय की मुलगा गणितं सोडवत असताना त्याच्या मेंदूच्या लहरी जुळतात की नाही, म्हणजे दोन जागांच्या लहरी एका तालात चालतात की नाही, हे हेडबँड लावून घरी कळेल का. हेडबँड मोबाईलवर जुळणीचे जे टक्के दाखवतो, त्यांवर विसंबणार असाल तर नाही कळणार. मी गोव्यात ईईजी टेक्निशियन आहे, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड (वीज टिपणाऱ्या चकत्या) लावून मेंदूच्या लहरी नोंदवतो, आणि याच विषयावरून आमच्या घरात वाजलेलं आहे.

भावजींनी भाच्याला एका क्लासला घातलंय. तिथे म्हणे डावा-उजवा मेंदू एका तालात आणतात. फीसोबत कपाळाला बांधायची पट्टी मिळते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, डिचोलीला सगळे जमलो होतो. आरती झाल्यावर माटोळीसमोरच (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) त्याला पट्टी बांधली आणि एकोणीसचा पाढा म्हणायला लावला. टक्के चढले, सगळे खूश. मी म्हटलं, "पाढा राहू दे, नुसत्या पापण्या मिचकाव." टक्के आणखी चढले. भावजी फणकारले, "तुम्हां हॉस्पिटलवाल्यांना सगळीकडे आजारच दिसतो."

आजाराचा प्रश्नच नव्हता. पापणी मिटली की डोळ्याकडून येणारी वीज कपाळाच्या दोन्ही बाजूंना एकाच क्षणी पोचते आणि मेंदूच्या लहरींपेक्षा ती खूप मोठी असते. शिवाय पट्टीतले कपाळावरचे दोन्ही इलेक्ट्रोड कानामागच्या एकाच इलेक्ट्रोडशी ताडले जातात, तिथली खरखर दोन्हींत उतरते. देवळातली घंटा दोन घरांत ऐकू आली म्हणून ती घरं एकमेकांशी बोलत नसतात. म्हणूनच अभ्यासक एकाच क्षणी दिसणारी जुळणी बाजूला काढतात आणि दोन जागांच्या लहरींत थोडं पण ठरावीक मागेपुढे आहे का, ते पुन्हा पुन्हा नोंदी घेऊन तपासतात.

नोंद घेणंही सोपं नाही. आमच्याकडे मे महिन्यात डोक्यात खोबरेल आणि वर घाम. शेपटीच्या कंगव्याने केस बाजूला करायचे, त्वचा घासून घ्यायची, मग पेस्ट. घाम एका इलेक्ट्रोडवरून शेजारच्यावर ओघळला की स्क्रीनवर दोन्ही रेघा हुबेहूब सारख्या. ती जुळणी घामाची, मेंदूची नव्हे.

आणि जास्त जुळलं म्हणजे जास्त हुशार, हे कोणी सांगितलं? हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला, १९२९ मध्ये तो छापला. डोळे मिटून शांत असताना ८ ते १३ हर्ट्झची (सेकंदाला तितक्या वेळा वरखाली होणारी) अल्फा लहर ठळक दिसते. डोळे उघडले किंवा मनात हिशेब सुरू केला की ती दबते. हिशेब करताना कपाळामागे मध्यरेषेवर ४ ते ८ हर्ट्झची थीटा लहर वाढते. म्हणजे एकीकडे ताल मोडतो, दुसरीकडे धरतो. आणि आकडीत तर मेंदूचा मोठा भाग एकदम एका तालात जाऊ शकतो.

मी डॉक्टर नाही, हेही सांगतो. सगळ्याच पट्ट्या टाकाऊ नसतात. डोळे मिटल्यावर येणारी अल्फा काहींवर नीट दिसते, शिकायला तेवढं पुरे. पण क्लासवाल्यांकडे पाढा म्हणताना, गप्प बसलेला आणि पापण्या मिचकावताना अशा तिन्ही कच्च्या नोंदी, म्हणजे टक्के नव्हे तर लहरींच्या मूळ रेघा, मागा. देत नसतील तर फी भरू नका. भाच्याचं गणित सुधारलंय हे खरं, पण त्याआधीपासून ताई रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून उदाहरणं करून घेतेय. ते श्रेय तिचं आहे, पट्टीचं नाही.