शेवंतीला कळी नाही? आधी रस्त्यावरचा दिवा बघा

प्रश्न (हवेली तालुका, पुणे): शेताकडेच्या रस्त्याला यंदा एलईडी दिवे लागले. त्या बाजूच्या सात-आठ ओळींत शेवंती कमरेला लागली, पण कळी नाही. आतल्या ओळींत कळी आहे. दुकानदार जी.ए. (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) आणि 0:52:34 (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) मारायला सांगतो. शिवाय शेजारच्या बांधकामाची धूळ पानांवर बसते.

उत्तर: काही मारू नका. झाडाला आजार नाही, त्याला रात्र मिळत नाही. शेवंती लहान दिवसाचं पीक, रात्र लांबली की कळी धरते. पॉलिहाऊसवाले झाड वाढीत ठेवायला मुद्दाम रात्री बल्ब लावतात आणि कळी हवी तेव्हा काळं कापड ओढतात. तुमच्याकडे तो बल्ब फुकटात लागलाय.

खात्री हवी तर अमावास्येच्या आसपास रात्री ओळींत उभे राहा. दिव्याने तुमची सावली ठळक पडते तिथलीच झाडं बिनकळीची निघतील. सोयाबीनचंही तेच. काढणीला सगळं रान पिवळं पडतं, खांबाखालचा तुकडा हिरवागार आणि शेंगा नावाला.

जी.ए.ने दांडा आणखी लांबेल, फूल येणार नाही. 0:52:34 चीही आता गरज नाही, पुढे कधी मारलंच तर लिटरला 5 ग्रॅम पुरे. दुकानदार 10 सांगतो, कारण पुडी त्याची खपते. पानांच्या कडा तुमच्या करपतात. ‘पुन्हा शेंडा खुडा’ असंही तो सांगेल. शेंडा लागवडीनंतर महिन्याभरात खुडायचा. आता खुडलात तर दसरा गेलाच, दिवाळीही हुकेल. आणि जी.ए. नको म्हणजे नको.

दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याची झापड बसवून घ्या, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या, स्वतः खांबावर चढू नका. (एकाने दगडाने दिवा फोडला होता. आठवड्यात नवा आला, आधीपेक्षा लख्ख.) तोवर बांबूच्या मांडवावर काळं कापड दिवेलागणीला ओढा, उजाडताच काढा. कळीला रंग दिसेपर्यंत खाडा नको. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात टोमॅटो नाहीतर वांगी लावा.

धुळीने पान झाकतं आणि लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) वाढतो. सकाळी साध्या पाण्याने पानं धुवा. कोळी दिसल्याशिवाय कोळीनाशक नको, तीन औषधं एका टाकीत तर मुळीच नकोत.

शेडनेटला (सावलीच्या जाळीला) फलोत्पादन अभियानातून 50 टक्के अनुदान आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, पूर्वसंमतीआधी खरेदी नाही. पण ती जाळी दिवा अडवत नाही, दुकानदार काहीही म्हणो.