टचस्क्रीन रिमोटचा आराखडा: आधी कोड, मग बटणं

तुम्ही विचारलंय की टीव्ही, रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा), ब्लू-रे प्लेयर, सेट-टॉप बॉक्स आणि म्युझिक स्ट्रीमर ही पाच उपकरणं एका टॅबलेटवरून वाय-फाय इन्फ्रारेड ब्लास्टरने (टॅबलेटची आज्ञा वाय-फायवरून घेऊन रिमोटसारखा इन्फ्रारेड सिग्नल सोडणारी डबी) चालवायची आहेत, तर प्रत्येकाचं एक पान करून मूळ रिमोटवरची सगळी बटणं तशीच उतरवावीत का. माझं उत्तर स्पष्ट आहे: नका करू. मी पहिला आराखडा अगदी असाच केला होता आणि दोन महिन्यांत मोडला.

अंधारात सिनेमा चालू आहे आणि फोन वाजला. पॉज प्लेयरच्या पानावर, आवाज रिसीव्हरच्या पानावर. मी पान शोधेपर्यंत फोन वाजून बंद झालेला असायचा. घरच्यांनी तर मूळ रिमोट ड्रॉवरमधून पुन्हा बाहेर काढले, आणि त्यांचं बरोबरच होतं. सोफ्यावर बसणाऱ्याला रिसीव्हर वापरायचा नसतो, सिनेमा बघायचा असतो. म्हणून पानं उपकरणांची नकोत, कामांची करा: सिनेमा, टीव्ही, गाणी. सिनेमाच्या पानावर पॉज प्लेयरला जातो, आवाज रिसीव्हरला जातो. दाबणाऱ्याला ते कळायचं कारणच नाही. हार्मनी रिमोट याच पद्धतीने चालायचे. लॉजिटेकने २०२१ मध्ये ते बनवणं थांबवलं, पण पद्धत आजही तितकीच कामाची आहे.

पण चित्र काढायला बसण्याआधी कोड, म्हणजे प्रत्येक बटण उपकरणाला पाठवतं तो सिग्नल, तपासा. सगळी मेख इथेच आहे. बहुतेक रिमोटवर पॉवरचं एकच बटण असतं, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. ‘सिनेमा’ दाबल्यावर मॅक्रोने (एका दाबण्यात ओळीने अनेक कोड पाठवणाऱ्या यादीने) हा कोड पाठवला आणि टीव्ही आधीच चालू असला, तर तो बंद होतो आणि रिसीव्हर चालू होतो. इन्फ्रारेड एकतर्फी असल्यामुळे टॅबलेटला यातलं काहीच कळत नाही. यावर उपाय म्हणजे चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा कोड. मूळ रिमोटवर अशी बटणं नसली तरी पुष्कळ टीव्ही आणि रिसीव्हर हे कोड ओळखतात. मॉडेलच्या नावाने शोधा, एकेक पाठवून बघा. इनपुटचंही तेच. ‘पुढचं इनपुट’ तीनदा दाबणारा मॅक्रो कधीतरी चुकणारच, थेट ‘एचडीएमआय २’चा कोड मिळवा. आणि वेळ सोडायला विसरू नका. माझा रिसीव्हर चालू झाल्यावर सुमारे सात सेकंद कोणतीच आज्ञा ऐकत नाही. तुमच्याकडे किती लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि वर एक सेकंद ठेवा.

एखादं उपकरण फिलिप्सच्या आरसी-५ या सिग्नल पद्धतीचं असेल तर आणखी एक अडचण येईल. त्यात बटण नव्याने दाबलं की सिग्नलमधला एक बिट (० किंवा १ असा एक अंक) उलटतो. मूळ रिमोटचा सिग्नल टिपून शिकवलेल्या कोडमध्ये तो बिट गोठतो, त्यामुळे लागोपाठ दुसऱ्यांदा दाबलेलं बटण उपकरणाला दाबूनच धरलंय असं वाटतं. चॅनेल ५५ लावायला जाल आणि एकच ५ उमटेल. शिकवलेला कोड न वापरता ॲपला आरसी-५ म्हणून कोड तयार करू द्या.

आता आराखडा. टचस्क्रीनवर अंगठ्याला उंचवटा लागत नाही, त्यामुळे जागा हीच एकमेव खूण. आवाज वाढवा, आवाज कमी आणि म्यूट ही तीन बटणं प्रत्येक पानावर मिलिमीटरचाही फरक न करता त्याच जागी हवीत. मी ती उजव्या कडेला ठेवली, टॅबलेट धरल्यावर अंगठा आपोआप जातो तिथे. बटणाच्या आकाराचा अँड्रॉइडचा दंडक किमान ४८ डीपीचा (डीपी हे पडद्यावरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटरचा आहे. अंधारात, नजर पडद्यावर असताना तेवढं पुरत नाही. माझं आवाजाचं बटण १८ मिलिमीटरचं आहे, आणि ‘सगळं बंद’ मुद्दाम विरुद्ध कोपऱ्यात, एक सेकंद दाबून धरल्याशिवाय चालत नाही. आवाजाचं बटण दाबून धरलं की कोड सतत जात राहतो ना, हेही तपासा. नाहीतर प्रत्येक पायरीला एक टिचकी मारत बसावं लागतं.

पार्श्वभूमी काळी, अक्षरं मंद राखाडी. पांढरं पान उघडलं की अख्खी खोली उजळते. रंग फक्त चालू असलेल्या कामाला द्या. सबटायटल, पिक्चर मोड, सराउंड मोड ही आठवड्यातून एकदा लागणारी बटणं ‘आणखी’ या एका पानामागे टाका. एखादं बटण ठेवायचं की नाही असा प्रश्न पडला तर ते तिथेच जाऊ द्या.

ॲपमध्ये काही करण्याआधी टॅबलेटच्या मापाचा कागद कापा, त्यावर बटणं काढा, दिवे घालवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. ‘आवाज कमी कर’ म्हणा आणि अंगठा कुठे जातो ते बघा. माझ्याकडे म्यूटची जागा त्यातूनच बदलली. पाचही उपकरणांचे मॉडेल नंबर इथे टाकलेत तर चालू-बंदचे वेगळे कोड शोधायला मी मदत करतो. सुरुवात रिसीव्हरपासून करा, सगळ्यात जास्त वेळ तोच खातो.