घराजवळच्या साध्या रामेन-सुशीच्या हॉटेलातलं जेवण अस्सल जपानी असतं का? पहिल्यांदाच जातोय, काय मागवावं?

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देऊन टाकते. जा. सुशी आधी मागवा, रामेन, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, नंतर, आणि रामेनचा वाडगा समोर आला की कुणासाठीही थांबू नका. बाकी सगळं त्या ‘अस्सल’बद्दल लिहिणार आहे, कारण त्यावरून माझं आणि माझ्या आतेभावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

शिकत असताना मी संध्याकाळी अशाच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करायचे. मोजकी टेबलं, समोर लाकडी काउंटर, आत एका बाजूला गरम काम आणि दुसऱ्या बाजूला थंड. सुरुवात भांडी घासण्यापासून झाली, मग अंडी सोलणं, मग भात. शेफ जपानी नव्हते. एका जपानी स्वयंपाक्याच्या हाताखाली उमेदीची वर्षं घालवून त्यांनी स्वतःचं छोटं हॉटेल टाकलं होतं. आम्ही पोचायच्या आधीच हाडांचं पातेलं चढलेलं असायचं.

सुशीच्या भाताचं काम बघितल्याशिवाय कुणी अशा हॉटेलला नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. भात शिजला की गरम असतानाच पसरट लाकडी भांड्यात उपसायचा. व्हिनेगर, साखर आणि मीठ एकत्र केलेलं पाणी उलथन्यावरून सगळीकडे पडेल असं ओतायचं. मग उलथनं तिरकं धरून भात कापत जायचं. ढवळायचा नाही, ढवळला की शितं मोडून लगदा होतो. त्याच वेळी दुसऱ्या हाताने वारा घालायचा, म्हणजे वरचं पाणी उडून जातं आणि शितांवर चकाकी येते. शेफ येऊन एक शीत दोन बोटांत दाबून बघायचे. पटलं नाही तर काही न बोलता भांडं बाजूला सारायचे आणि मी दुसरा भात लावायचे. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी यात कधी बदल झाला नाही.

तर हा माझा आतेभाऊ, दादा. कंपनीच्या कामासाठी टोकियोत राहून आला होता. एका संध्याकाळी वहिनी आणि मुलांना घेऊन आमच्याकडे जेवायला आला आणि काउंटरवरच बसला. मला फार आनंद झाला होता. बसल्या बसल्या तो म्हणाला, ‘‘अगं, तिकडे रामेनवाला सुशी करत नाही आणि सुशीवाला रामेनला हात लावत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतंय म्हणजे समजून जायचं.’’ आणि पुढे, ‘‘बनवणारा तरी जपानी आहे का?’’ हे मराठीत बोलला असता तर एक वेळ मी गिळलं असतं. पण आत सगळ्यांना कळेल अशा भाषेत, शेफ दोन हातांच्या अंतरावर उभे असताना विचारलं.

त्याचं मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं, रामेन आलं. त्याने वरून फोटो काढला, मग मुलांना शेजारी बसवून काढला, मग जपानमधल्या साप्पोरो शहरातल्या मिसोची माहिती सुरू केली. वहिनी म्हणाली, ‘‘अहो, आधी खा ना.’’ तो बोलतच होता. शेवटी चॉपस्टिक्सने नूडल्स उचलून म्हणाला, ‘‘मऊ पडलेत. तिकडे असं चालत नाही.’’

मऊ पडणारच! रामेनच्या नूडल्समध्ये कान्सुई म्हणजे अल्कधर्मी क्षार असतात. त्यांचा पिवळसर रंग आणि लवचिक चावा त्यातून येतो. पण गरम सुपात त्या शिजतच राहतात आणि सूप पीत राहतात. जपानमधल्या हाकाता भागातल्या बारीक नूडल्स तर इतक्या लवकर मऊ पडतात की तिथे कमी नूडल्स वाढून संपल्यावर त्याच सुपात पुन्हा ताज्या टाकून देतात. टोकियोत राहून आलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

शेफनी एक शब्द काढला नाही. वाडगा उचलला. दुसऱ्या वाडग्यात गरम पाणी ओतून तो तापवला आणि पुसून घेतला. तळाला मिसोचा अर्क घातला, त्यावर सूप ओतून हलवलं. नूडल्स जाळीच्या टोपलीतून काढल्या आणि दोनदा जोरात झटकल्या. हा झटका महत्त्वाचा, कारण पाणी राहिलं तर सूप पचपचीत होतं. नूडल्सची घडी सुपात सोडली, वर पोर्कचे काप, बांबूचे कोंब, सोया सॉसमध्ये मुरवलेलं अंडं. वाडगा दादासमोर ठेवून एवढंच म्हणाले, ‘‘हे आत्ता खा.’’ दादाने तळ दिसेपर्यंत खाल्लं.

आणि नंतर घरच्या एका कार्यात सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं, ‘‘ही काम करते तिथे जपानी नावाखाली काहीबाही देतात.’’ मी तिथेच भांडले. आई मध्ये पडली म्हणून थांबले. त्या दिवशी जे धड मांडता आलं नाही ते आज तुमच्या निमित्ताने मांडते.

दादाचं एक म्हणणं बरोबर आहे. जपानमध्ये रामेनची दुकानं वेगळी आणि सुशीची वेगळी हाच रिवाज. पण तिथल्याच फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीच्या साखळी हॉटेलांत आता सुशीबरोबर रामेनही मिळतं आणि घरंच्या घरं तिथे जेवतात. हा पट्टा तरी कुठून आला? १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी पहिलं असं हॉटेल काढलं, आणि कल्पना सुचली ती बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या बघून. सुशी सामान्य माणसाला परवडावी म्हणून ही खटपट होती. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, निगिरी सुशी, म्हणजे हाताने वळलेला भाताचा मुटका आणि वर मासा, रस्त्याकडेच्या गाड्यांवर उभ्याउभ्या खाल्ली जायची. त्यामुळे साध्या हॉटेलात सुशी खाल्ली की तिचा अपमान होतो ही कल्पना कुठून येते मला कळत नाही.

रामेनचंही तेच. नूडल्स चिनी लोकांबरोबर आल्या. टोकियोच्या असाकुसा भागात १९१० साली उघडलेलं रायरायकेन हे रामेनचं जुनं नावाजलेलं दुकान, आणि तिथे स्वयंपाकी होते योकोहामाच्या चायनाटाउनमधून आणलेले चिनी. दादा ज्या मिसो रामेनवर व्याख्यान देत होता ते साप्पोरोत १९५०च्या दशकात जन्माला आलं. डुकराच्या हाडांच्या सुपाचं तोन्कोत्सु रामेन क्युशू बेटावरच्या कुरुमे गावातलं, १९३७च्या सुमाराचं. आणि ज्या सॅमनच्या निगिरीशिवाय आज सुशीची थाळी पुरी होत नाही, तो सॅमन जपानी लोक परजीवींच्या भीतीने कच्चा खातच नसत. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सॅमन खपवायला जपानमध्ये जोरदार प्रयत्न केले, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. चिनी स्वयंपाक्यांचं रामेन चालतं, नॉर्वेचा मासा चालतो, आणि आयुष्य या कामात घातलेला आमचा शेफ मात्र जपानी नाही म्हणून चालत नाही? हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

म्हणून स्वयंपाकी कुठला ते विचारू नका, भात बघा. चांगल्या निगिरीचा भात अंगाइतका कोमट असतो, बोटांत घट्ट राहतो आणि तोंडात गेल्यावर सुटतो. भात थंडगार आणि कडक लागला तर तो फ्रीजमधून आलाय, मग वरचा मासा कितीही महागाचा असो. पहिल्या खेपेला सॅमनची निगिरी आणि काकडीचा साधा कप्पा माकी रोल मागवा. काकडीच्या रोलमध्ये लपायला जागा नसते: भात, समुद्री शेवाळाचा कागद आणि काकडी, बस्स. मेयोनेज आणि तीन सॉस ओतलेले रोल चवीला छान असतात, मीही खाते, पण त्यांवरून हॉटेलची पारख होत नाही. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. सोया सॉसमध्ये माशाची बाजू बुडवा, भाताची नको. वासाबी, म्हणजे सोबतची झणझणीत हिरवी चटणी, बहुधा रंगवलेलं हॉर्सरॅडिश (एक वेगळं तिखट मूळ) असेल, जवळजवळ सगळीकडे तसंच असतं, त्यावरून नाक मुरडू नका. आल्याच्या चकत्या दोन सुशींच्या मध्ये खायच्या, सुशीवर ठेवून नाही.

सुशी आधी का, तर मिसो-लसणाचं गरम सूप पोटात गेल्यावर कच्च्या माशाची नाजूक चव जिभेला लागतच नाही. अशा हॉटेलांत दोन्ही बाजूंची कामं एकाच वेळी चालतात, त्यामुळे सांगितलं नाही तर दोन्ही एकदम येतात. ऑर्डर देतानाच सांगा: आधी सुशी द्या, ती संपत आली की रामेन टाका. स्वयंपाकघरात कुणालाही याचा त्रास होत नाही, उलट बरं वाटतं.

रामेनमध्ये पहिल्यांदा शोयु, म्हणजे सोया सॉसचं, मागवा. सूप पातळ आणि स्वच्छ असतं, त्यामुळे त्यात काय आहे आणि काय नाही ते लगेच कळतं. तोन्कोत्सुमध्ये डुकराची हाडं तासन्‌तास खळखळ उकळून चरबी आणि जिलेटिन पाण्यात एकजीव झालेलं असतं. ते मला सर्वांत प्रिय आहे, पण पहिल्याच दिवशी जड जातं. वाडगा आला की आधी चमचाभर सूप, मग लगेच नूडल्स. सुरकन आवाज करून खा, जपानमध्ये तो वाईट समजत नाहीत. हवा आत ओढल्याने नूडल्स तोंडात थोड्या निवतात आणि वास नाकापर्यंत जातो. चौघांपैकी एकाचाच वाडगा आला तर त्याने सुरुवात करावी, बाकीच्यांनी रागावू नये. फोटो एक काढा.

मेनू मात्र बघून घ्या. रामेन आणि सुशी दोन्ही असणं मला अजिबात खटकत नाही. पण त्याच कार्डावर थाई करी, पास्ता आणि पन्नास प्रकारचे रोल असतील तर उठून या. लहान स्वयंपाकघरात एवढं ताजं ठेवता येत नाही, हे मी आतून बघितलेलं आहे.

मासा फ्रीझरमधला असेल म्हणून लोक घाबरतात, तेही उलटंच आहे. कच्चा खायचा मासा गोठवतात तो परजीवी मारायला. अमेरिकेतल्या नियमांत त्यासाठी उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस किंवा उणे ३५ अंशांना कडक गोठल्यावर तिथेच १५ तास असं ठरवून दिलेलं आहे. गोठवल्याने जंतू मात्र सगळे मरत नाहीत, तेव्हा गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. रामेनच्या सुपात मीठही भरपूर असतं. रक्तदाब असेल तर नूडल्स खा आणि सूप वाडग्यात राहू द्या, संपवायलाच हवं असं काही नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं: शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज रामेन’ वाचून मागवू नका. भाज्या वर असतात, खाली सूप हाडांचं असू शकतं. मिसो सूपमध्येही बहुतेक वेळा दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, असतो आणि तो सुकवलेल्या बोनिटो माशाचा. तळलेल्या तोफूच्या पिशवीतली इनारी सुशी दिसायला पूर्ण शाकाहारी, पण तो तोफूही अनेकदा दाशीतच शिजवतात. विचारायचं ते असं: सूप कशाचं आहे, अर्कात मासा आहे का, दाशी फक्त कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमचा मिळेल का? ‘‘मांस नाही ना?’’ एवढंच विचारलंत तर प्रामाणिक माणूसही ‘‘नाही’’ म्हणेल, कारण मासा त्याने त्यात धरलेला नसतो.

काउंटरवर जागा मिळाली तर तिथेच बसा. भात वळताना हात कसे चालतात ते दिसतं, आणि आवडलं तर तसं तिथल्या तिथे सांगता येतं. सांगाच. नावं ठेवायची असतील तर ती बाहेर पडल्यावर ठेवा, कारण काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं.