मांडीला पट्टा बांधण्याआधी

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू कॉलेजच्या हॉकी संघात मिडफिल्डला खेळतेस. संघातल्या सीनियर मुली मांडीला इलॅस्टिक पट्टे आवळून हलक्या वजनाचे स्क्वॅट मारतात आणि त्याने वेग वाढतो म्हणतात. तूही हे करावंस का आणि यातच करिअर होईल का, असं तू विचारलंयस.

आधी एक गोष्ट ऐक: साधं इलॅस्टिक आजपासून बांधू नकोस. या पद्धतीला ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन, म्हणजे बीएफआर म्हणतात आणि तिचा सगळा जीव दाबाच्या मोजमापात आहे. जपानच्या योशिआकी सातो यांना 1966 मध्ये बराच वेळ गुडघे मोडून बसल्यावर पाय भरून आले. व्यायामानंतर पोटऱ्या जशा ताठतात, तसंच ते वाटलं, आणि तिथून त्यांनी ही पद्धत उभी केली. कफ, म्हणजे दाब मोजून आवळता येणारा पट्टा, मांडीच्या अगदी वरच्या भागाला बांधतात. पायाकडे जाणारं रक्त कमी होतं, पण थांबत नाही. परत येणारं मात्र बरंचसं अडतं. स्नायूला ऑक्सिजन कमी पडतो, लहान तंतू लवकर थकतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे मोठे तंतू हलक्या वजनालाही कामाला लागतात. म्हणून कमाल ताकदीच्या 20 ते 30 टक्के वजन पुरतं. नेहमीचा क्रम चार सेटमध्ये 30, 15, 15, 15 वेळा असा असतो आणि मध्ये 30 ते 60 सेकंदांची विश्रांती.

दाब किती, हे आधी डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने मोजतात. ज्या दाबाला पायाचा रक्तप्रवाह पूर्ण थांबतो, त्याच्या साधारण 40 ते 80 टक्के दाब वापरतात. मांडीचा घेर आणि कफची रुंदी बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे मैत्रिणीचा दाब तुझ्या कामाचा नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास (घरच्यांचासुद्धा), उच्च रक्तदाब, सिकलसेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कफला हात लावू नकोस. मुंग्या आल्या, पाय बधिर झाला तर कफ लगेच सोडायचा.

आता वेगाचं बोलू. बीएफआरने स्नायू जवळपास जड वजनाइतकाच वाढतो, पण ताकद वाढवण्यात जड वजनच पुढे राहतं. आणि हॉकीत तुला लागतं काय? 15 मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये वाकलेल्या पवित्र्यात पुन्हा पुन्हा स्प्रिंट, अचानक थांबणं, वळणं. ते स्प्रिंट मारून आणि जड उचलूनच येतं. धडधाकट खेळाडूने बीएफआर जोडीला घ्यावं, जड वजनाच्या जागी नाही. त्याची खरी किंमत मला दिसते ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर. जड वजन उचलता येत नाही, मांडी मात्र रोज बारीक होत जाते. अशा खेळाडूला हलक्या वजनात स्नायू टिकवता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. सामन्यांची रांग लागलेली असताना सांध्यांवरचा भार कमी ठेवायलाही ते उपयोगी पडतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. बीएफआर हे एक साधन झालं, व्यवसाय नव्हे. शस्त्रक्रियेनंतरचा खेळाडू तुला खुणावत असेल, तर फिजिओथेरपी घे. संघाची वर्षभराची तयारी आखायला आवडत असेल, तर क्रीडाविज्ञानाची पदवी घेऊन स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगकडे जा. दोन्हीकडे शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र पक्कं लागतं. संख्याशास्त्रही लागतं, आणि नेमका तोच विषय मुलं टाळतात. बीएफआरचा छोटा कोर्स पदवीनंतर कधीही करता येईल. आत्ता त्यावर पैसे घालवू नकोस.

तू स्वतः खेळतेस, हे तुझं मोठं भांडवल आहे. पुढचे दोन महिने एक वही ठेव. त्या दिवशी किती सराव झाला, कोणतं वजन कितीदा उचललं, झोप किती झाली, कुठे दुखलं, हे रोज लिही. मग मला पुन्हा पत्र पाठव आणि सांग, त्या वहीत तुला जास्त काय ओढून घेतं: दुखणारा गुडघा की आठवड्याचा आराखडा. त्यावरून पदवी ठरवू.